मैत्री सिंहासनाशी की जनतेशी?

शेजारच्या देशात लोक रस्त्यावर उतरले की त्याचा धक्का दिल्लीतील परराष्ट्र मंत्रालयाला बसतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. त्या धक्क्याचे कंप भोसरी, आकुर्डी आणि चाकणपर्यंत येऊन पोहोचतात. परकीय चलनाच्या टंचाईपायी श्रीलंकेने २०२० मध्ये वाहनांची आयात थांबविली. पुढे तीच टंचाई वाढत जाऊन २०२२ च्या जुलैत अध्यक्ष गोटाबाया राजपक्ष यांना देश सोडावा लागला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या, तेव्हा पेट्रापोलच्या सीमेवरील मालवाहतूक काही दिवस ठप्प झाली. कोलंबो आणि ढाका येथील रस्त्यांवर आकुर्डीच्या बजाज कंपनीची वाहने सर्रास दिसतात. अशा वेळी मोठ्या कारखान्याची निर्यात अडली की त्याला सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदाराची बिले अडतात, आणि त्याच्याकडील कंत्राटी कामगाराचा ओव्हरटाइम बंद होतो. तेव्हा शेजारच्या राजवटीशी आपल्या सरकारने कोणत्या प्रकारची मैत्री ठेवावी, हा प्रश्न केवळ मुत्सद्द्यांचा नाही. या औद्योगिक पट्ट्यातील कामगाराचा आणि कारकुनाचाही आहे.

हा प्रश्न मोठा अवघड आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. एखाद्या देशाचे सरकार आपले मित्र असते. त्याच्याशी केलेले करार आपल्या हिताचे असतात. आणि एके दिवशी त्या देशातील जनताच त्या सरकारविरुद्ध उभी ठाकते. सरकार गोळ्या झाडते. मित्राने काय करावयाचे? पाठीशी उभे राहावे तर जनतेच्या रक्ताचे शिंतोडे आपल्याही अंगावर उडतात. साथ सोडावी तर जगातील इतर मित्र मनात म्हणतात की, उद्या आपल्यावरही हीच पाळी यावयाची. गप्प बसावे तर दोन्ही पक्ष त्या मौनाचा आपापल्या परीने अर्थ लावतात, आणि तो अर्थ सहसा आपल्याला अनुकूल नसतो. बलाढ्य राष्ट्रांना या पेचाने आजवर अनेकदा गाठले आहे. मराठी वाचकाला मात्र या पेचाकडे पाहण्याचा एक विशेष अधिकार आहे. कारण तो गोव्यामध्ये या पेचाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे गोळ्या खाणाऱ्यांच्या बाजूला, उभा होता.

सालाझारचे मित्र

गोव्याच्या लढ्याची कथा आपण साधारणतः भारत आणि पोर्तुगाल यांच्यातील झगडा म्हणून सांगतो. तिला तिसरी बाजू होती. १९३२ पासून पोर्तुगालची सत्ता सालाझार यांच्या मुठीत होती. निवडणुका नावापुरत्या, वृत्तपत्रांवर नियंत्रण आणि विरोधकांसाठी तुरुंग, अशी ती राजवट होती. तथापि ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये ‘नाटो’चा करार झाला, तेव्हा संस्थापक सभासदांत पोर्तुगालचा समावेश होता. लोकशाही आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा गौरव करणाऱ्या त्या कराराच्या प्रास्ताविकाखाली सालाझार यांच्या प्रतिनिधीची सही घेताना कोणालाही संकोच वाटला नाही. याचे कारण अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांत होते. तेथील विमानतळ अमेरिकेच्या लष्करी वाहतुकीला हवा होता, आणि ती बेटे पोर्तुगालची होती.

ब्रिटनची गोष्ट आणखी जुनी. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांचा पहिला मैत्रीचा तह १३७३ चा. १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच व्यवहारात इंग्लंडने पोर्तुगालच्या पूर्वेकडील मुलखाच्या रक्षणाची हमीही दिली होती, हे सहसा सांगितले जात नाही. अशा जुन्या वचनांचा आधार लिस्बनला विसाव्या शतकातही हवा होता.

इकडे गोव्यात काय चालले होते? १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली. मागणी साधी होती : नागरी स्वातंत्र्य, बोलण्याचा आणि सभा घेण्याचा अधिकार. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका मेजवानीत, गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे भाषण ऐकून, आपला निषेध बोलून दाखविला. तेवढ्या शब्दासाठी त्यांना अटक झाली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालला करण्यात आली. भोजनाच्या मेजावर उच्चारलेला एक शब्दही जी राजवट सहन करू शकत नाही, तिची ताकद किती आणि भीती किती, याचा हिशेब तिच्या मित्रांनी तेव्हाच मांडावयास हवा होता.

पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोठी तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली; तीत पंचाहत्तरी जवळ आलेले सेनापती बापट होते. गोरे यांना मारहाण झाली आणि पुढे दहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तीन हजारांवर निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी सीमा ओलांडून गेले. पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. पत्रादेवीच्या सीमेवर पडलेला कर्नैलसिंग हा पंजाबचा तरुण शिक्षक होता. त्याच्या मृत्यूची बातमी जगभर गेली, आणि लिस्बनच्या मित्रांपुढे तो पेच उभा राहिला.

पिंपरीचे पेनिसिलिन आणि डलेस यांचे निवेदन

त्या पेचाला अमेरिकेने दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. गोळीबारानंतर साडेतीन महिन्यांनी, २ डिसेंबर १९५५ रोजी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांनी संयुक्त निवेदन काढले. त्यात पूर्वेकडील पोर्तुगीज ‘प्रांतांचा’ उल्लेख होता. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा प्रांत आहे, ही लिस्बनने १९५१ मध्ये घटना बदलून निर्माण केलेली परिभाषा अमेरिकेने जशीच्या तशी उचलली. चारच दिवसांनी पत्रकारांनी विचारले असता डलेस यांनी तिचे समर्थन केले. नेमके याच सुमारास सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि क्रुश्चेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते. त्यांनी गोव्याच्या प्रश्नावर भारताला जाहीर पाठिंबा दिला. त्यांच्या स्वतःच्या गोटात पोलंड आणि हंगेरी या देशांची काय अवस्था होती, हे जग पुढल्याच वर्षी पाहणार होते. पण भारतीय जनतेच्या मनात दोन महासत्तांची तुलना झाली ती गोव्यावरून. एका शब्दाच्या निवडीने मॉस्कोला जे फुकट मिळाले, ते वॉशिंग्टनला पुढे कित्येक वर्षे धान्य आणि पैसा पाठवूनही पुरते परत मिळविता आले नाही.

त्याच १९५५ सालातील एक दुसरी घटना याच्याशेजारी ठेवून पाहावी. पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना त्या वर्षी पेनिसिलिन तयार करू लागला. भारत सरकारच्या या कारखान्याला ‘युनिसेफ’ने यंत्रसामग्री पुरविली होती आणि जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांचे साहाय्य दिले होते. त्या काळी युनिसेफच्या निधीत सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा असे. म्हणजे त्याच वर्षी, अंशतः त्याच देशाच्या पैशातून, पिंपरीत एक कारखाना उभा राहिला आणि त्याच देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या लेखणीतून गोव्याविषयी ते निवेदन निघाले. पिंपरीच्या औषधाने न्यूमोनियाने फणफणलेली मुले वाचली; ती कोणत्या पक्षाच्या मतदारांची आहेत, असा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या कारखान्याचे वैभव पुढे ओसरले. पण पिंपरीची औद्योगिक वसाहत ज्या पायावर वाढली त्यातील ती पहिली वीट होती, हे कोणी नाकारणार नाही. एका देशाची दुसऱ्या देशाशी मैत्री म्हणजे काय, याचे हे दोन नमुने आहेत. एक जनतेपर्यंत पोहोचला. दुसरा एका वृद्ध हुकूमशहाच्या दिवाणखान्यात थांबला.

अमेरिकेला या विसंगतीची जाणीव नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीच्या आरंभी, १५ मार्च १९६१ रोजी, अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने सुरक्षा समितीत पोर्तुगालविरुद्ध आणि चक्क रशियाच्या बरोबरीने मत दिले. लिस्बन खवळले. अझोर्सच्या तळाच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपावयाची होती, आणि सालाझार यांनी ती तलवार अमेरिकेच्या डोक्यावर टांगती ठेवली. पुढे वॉशिंग्टनचा आवाज हळूहळू मवाळ झाला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्याच्या सीमेवर उभी असता राजदूत गॅलब्रेथ यांनी कारवाई लांबणीवर टाकण्याविषयी पंडित नेहरूंचे मन वळविण्याचा बराच प्रयत्न केला. तो फसला. १८ डिसेंबर रोजी सुरक्षा समितीत अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली. युद्धबंदीच्या आणि भारतीय सैन्य मागे घेण्याच्या ठरावाला सात मते पडली, विरुद्ध चार. आणि रशियाच्या नकाराधिकाराने तो ठराव पडला. ब्रिटननेही त्या ठरावाच्या बाजूने मत दिले; पण राष्ट्रकुलातील सभासदाविरुद्ध पोर्तुगालच्या मदतीला धावणे आपल्याला शक्य नाही, हे त्याने लिस्बनला सुचविले होतेच. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर-जनरल वासालू इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याची सालाझार यांची आज्ञा त्यांनी मानली नाही, ही त्यांची माणुसकी.

या साऱ्या व्यवहारात अमेरिकेच्या पदरी काय पडले? अझोर्सचा तळ राहिला, आणि १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात त्याचा उपयोगही झाला, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु भारतात कटुता आली. सालाझार यांनाही अमेरिकेने आपला घातच केला असे वाटले. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याला दोन्ही दगडांची धार लागते. आणि सालाझारांची व्यवस्था तरी कोठे टिकली? २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी ती उलथली आणि लोकांनी त्यांच्या बंदुकीत फुले खोचली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नव्या पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करारान्वये मान्य केले. गोव्यात ज्यांना बंडखोर म्हटले गेले त्यांचे म्हणणे, लिस्बनच्या जनतेला बोलण्याची मुभा मिळताच, तिने वर्षभरात पटवून घेतले.

दोन उठाव, दोन वर्तने

गोव्याचा प्रश्न वसाहतीचा होता. तो नियम म्हणून कसा चालेल, अशी शंका कोणी घेईल. म्हणून ज्यात वसाहतीचा संबंध नाही असे एक उदाहरण घेऊ. दक्षिण कोरिया हे नाव आता या पट्ट्याला परके नाही; तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२४ मध्ये कोरियन ह्युंदाईच्या ताब्यात आला. हा कोरिया १९८० मध्ये लष्करशहांच्या टाचेखाली होता आणि अमेरिकेचे हजारो सैनिक तेथे तैनात होते. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात विद्यार्थी आणि नागरिक उठले. सैन्याने तो उठाव निर्दयपणे चिरडला. अमेरिकेने उत्तरेच्या भयाने मौन पाळले, आणि कोरियन सैन्याची एक तुकडी संयुक्त कमानीतून मोकळी करण्यास हरकत घेतली नाही. कोरियन तरुणांची एक सबंध पिढी यामुळे अमेरिकेच्या विरोधात गेली. १९८२ मध्ये बुसान येथील अमेरिकेच्या सांस्कृतिक केंद्राला विद्यार्थ्यांनी आग लावली.

सात वर्षांनी, जून १९८७ मध्ये, त्याच देशात पुन्हा लाखो लोक रस्त्यावर आले. या वेळी अध्यक्ष रेगन यांनी चुन दू-ह्वान यांना पत्र पाठविले. राजदूत लिली यांनी ते हाती दिले आणि सैन्य बाहेर काढू नये, असे स्पष्ट बजावले. सैन्य बाहेर पडले नाही. २९ जून रोजी सत्ताधारी पक्षाने अध्यक्षाच्या थेट निवडणुकीची मागणी मान्य केली. अमेरिकेची कोरियाशी मैत्री तुटली नाही, तळ गेले नाहीत, आणि उत्तरेकडून आक्रमणही झाले नाही. १९८० मध्ये ज्या भयाच्या नावाने मौन पाळले गेले, ते भय १९८७ मध्येही तेवढेच होते.

याउलट इराणचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल की, शहांची साथ सुटल्यावर काय पदरी पडले ते पाहा. ते उदाहरण गंभीर आहे. परंतु ३१ डिसेंबर १९७७ रोजी तेहरानच्या मेजवानीत अध्यक्ष कार्टर यांनी शहांच्या राजवटीचा स्थैर्याचे बेट म्हणून गौरव केला, आणि तेरा महिने पुरे होण्यापूर्वीच, १६ जानेवारी १९७९ रोजी, शहांना देश सोडावा लागला. जुन्या मित्राला पूर्ण साथही दिली नाही आणि नव्या शक्तींशी आधीपासून बोलणेही ठेवले नाही; सारा संबंध एका राजवाड्याशी होता. राजवाडा रिकामा झाला तेव्हा दुसरा कोणताच दरवाजा ओळखीचा नव्हता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तेहरानमधील अमेरिकेच्या वकिलातीतील माणसे ओलीस धरली गेली आणि ४४४ दिवस अडकून पडली.

या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसते. पेच लोक रस्त्यावर येतात त्या दिवशी सुरू होत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, मैत्रीचा सारा भार एका व्यक्तीवर किंवा एका पक्षावर टाकला जातो त्या दिवशी सुरू होतो. नंतर जे काही करावे ते उशिराच ठरते.

दिल्लीची पाळी

आता हा आरसा आपण आपल्याकडे वळविला पाहिजे. सत्याग्रहींचा भारत आज स्वतःच शेजाऱ्यांच्या लेखी मोठी सत्ता झाला आहे. पूर्वी डलेस यांना विचारलेला प्रश्न आता दिल्लीला विचारला जातो.

ऑगस्ट-सप्टेंबर २००७ मध्ये ब्रह्मदेशात इंधनाच्या दरवाढीवरून असंतोष उसळला आणि भगव्या चिवरांतील भिक्षू यांगूनच्या रस्त्यांवरून चालू लागले. त्याच सप्टेंबरात आपले पेट्रोलियममंत्री, मुंबईचे मुरली देवरा, लष्करशहांच्या राजधानीत वायू-शोधाच्या करारांसाठी गेले होते. ज्या आंग सान सू ची यांना भारताने १९९३ चा नेहरू पुरस्कार जाहीर केला होता त्या तेव्हा स्थानबद्ध होत्या. २०१२ मध्ये दिल्लीला आल्यावर त्यांनी, कठीण काळात भारत आपल्यापासून दूर गेला याचे दुःख सौम्य शब्दांत बोलून दाखविले. लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ रोजी पुन्हा सत्ता बळकावली. २७ मार्च रोजी झालेल्या लष्करी संचलनाला आपला प्रतिनिधी हजर राहिला. त्याच दिवशी त्या देशात शंभराहून अधिक नागरिक मारले गेले. या धोरणामागे कारणे नव्हती असे नाही. सोळाशे किलोमीटरहून लांब सीमा, ईशान्येतील बंडखोरांचे पलीकडचे तळ, आणि चीनचा वाढता शिरकाव, ही कारणे खरी आहेत. पण डलेस यांच्यापाशीही अझोर्सचे कारण होतेच, आणि तेही खरे होते.

नेपाळचा अनुभव अधिक शिकविणारा आहे. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सारी सत्ता हाती घेतली, तेव्हा भारताने लष्करी साहित्याचा पुरवठा रोखला आणि राजकीय पक्षांशी संपर्क चालू ठेवला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सात पक्ष आणि माओवादी यांच्यातील बारा कलमी समझोता दिल्लीतच झाला. इथपर्यंत सारे ठीक झाले. एप्रिल २००६ मध्ये काठमांडू पेटले, तेव्हा दिल्लीने डॉ. कर्णसिंग यांना राजांकडे पाठविले. २१ एप्रिल रोजी राजांनी अर्धवट सवलत जाहीर केली आणि दिल्लीने तिचे तत्परतेने स्वागत करून टाकले. रस्त्यावरच्या लोकांनी ती सवलत धुडकावली. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र सचिव श्याम सरन यांना, नेपाळी जनतेची इच्छा हीच भारताला प्रमाण, असा खुलासा करावा लागला. २४ तारखेला रात्री राजांनी संसद पुनरुज्जीवित केली. दिल्ली चुकली, पण एका दिवसात सावरली. पक्षांशी वर्षभर बोलणे चालू होते म्हणूनच तिला सावरता आले.

बांगलादेशात तसे झाले नाही. शेख हसीना यांच्या राजवटीने भारताला बरेच काही दिले. ईशान्येतील बंडखोरांना आश्रय नाकारला, २०१५ मध्ये सीमेचा जुना प्रश्न सोडविण्यास हातभार लावला, मालवाहतुकीला वाट दिली. त्यांचे वडील १९७५ मध्ये मारले गेले त्यानंतरची सहा वर्षे त्यांनी दिल्लीत काढली होती. त्या नात्यात भावनेचाही अंश होता. पण २०१४, २०१८ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांवर विरोधकांचा बहिष्कार किंवा गैरप्रकारांचे आरोप यांची छाया असता दिल्लीने अभिनंदनाची घाई केली, आणि विरोधी पक्षांशी नाते जवळजवळ ठेवलेच नाही. २०२४ च्या जुलैत नोकऱ्यांतील राखीव जागांवरून विद्यार्थी उठले. १ जुलै ते १५ ऑगस्ट या दीड महिन्यात मृतांची संख्या चौदाशेपर्यंत असू शकेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा अंदाज आहे. त्या दिवसांत दिल्लीने हा त्या देशाचा अंतर्गत प्रश्न असल्याचे म्हटले. शब्दशः ते बरोबर होते. पण पंधरा वर्षे ज्याने एकाच पक्षाचा हात धरला त्याच्या तोंडी ‘अंतर्गत’ हा शब्द तटस्थ वाटत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याच्या न्यायाधिकरणाने हसीना यांना त्यांच्या अनुपस्थितीत मृत्युदंड सुनावला. शरण आलेल्याला अशा वेळी सुळावर पाठवावे, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. तथापि ज्या घराने आश्रय दिला त्याच घरावर शेजाऱ्यांचा राग का आहे, याचा विचार त्या घराने केला पाहिजे.

काय करता येईल?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आपण दूर झालो तर चीन ती जागा घेईल. घेईलही. पण जनतेचा रोष चीनलाही चुकलेला नाही. इरावतीवरील मितसोन येथील चीनच्या मोठ्या धरणाचे काम लोकांच्या विरोधामुळे सप्टेंबर २०११ मध्ये ब्रह्मदेशच्या सरकारलाच थांबवावे लागले. केवळ राजवाड्यात सही झालेल्या कराराचे आयुष्य त्या राजवाड्याइतकेच असते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. इतरांना उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार काय? १९७५ ते ७७ या काळात आपल्याच देशात आणीबाणी होती. येरवड्याचा तुरुंग राजबंद्यांनी भरला होता. हे खरे आहे, आणि म्हणूनच तो अनुभव उपयोगी आहे. सोव्हिएत सरकारने आणीबाणीची उघड पाठराखण केली. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी ते सरकार उलथले. आणि एप्रिलमध्ये ग्रोमिको नव्या सरकारला भेटण्यासाठी दिल्लीत हजर झाले. संबंध तुटले नाहीत, कारण त्या मैत्रीत भिलाईचा पोलाद कारखाना होता, व्यापार होता, हजारो विद्यार्थी आणि तंत्रज्ञ होते. मैत्रीचा पाया एका व्यक्तीहून रुंद होता म्हणून ती एका व्यक्तीच्या पराभवातून वाचली. आणि दुसरीकडे ब्रांट, पाल्मे, क्रायस्की या युरोपीय समाजवादी नेत्यांनी जॉर्ज फर्नांडिस यांच्या जीविताविषयी इंदिरा गांधींकडे चिंता व्यक्त केली होती. कोणी सैन्य पाठविले नाही, व्यापार तोडला नाही. केवळ एक विचारणा केली. तिची आठवण मात्र राहिली.

तेव्हा मागणी क्रांतीची निर्यात करण्याची नाही. शेजाऱ्याचे सरकार बदलणे हे शेजाऱ्यांचे काम आहे, आणि त्यात बाहेरच्याने हात घातला की आंदोलनच कलंकित होते. मागणी याहून माफक आहे. आपल्या वकिलातींनी विरोधी पक्ष, विद्यापीठे, कामगार संघटना आणि वृत्तपत्रे यांच्याशी शांततेच्या काळात संबंध ठेवावेत आणि मित्र-सरकार रुसले तरी ते तोडू नयेत. निवडणुकीवर गंभीर आक्षेप असतील तेथे अभिनंदनाची घाई करू नये. जी सामग्री उद्या निदर्शकांवर वापरली जाईल ती विकू नये. सल्ला द्यावयाचा तो खासगीत आणि वेळेवर द्यावा. पण निःशस्त्रांवर गोळीबार झाला तर एक वाक्य जाहीरपणे उच्चारावे. आणि उठाव झाल्यावर शिक्षा सामान्य माणसाला देऊ नये. ऑगस्ट २०२४ नंतर बांगलादेशी रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या व्हिसांवर जी बंधने आली, त्यांचा फटका सत्ताधाऱ्यांना बसला नाही. कोलकत्याच्या रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या सामान्य माणसाला बसला.

यात पिंपरी-चिंचवडने काय करावयाचे? येथील उद्योजकांच्या संघटना निर्यातीच्या सवलतींसाठी दिल्लीला निवेदने देतात. शेजारच्या देशांतील बाजारपेठ ही तेथील लोकांच्या सद्भावनेवर उभी आहे, हेही त्यांनी त्या निवेदनांत लिहावयास हरकत नाही. सत्ता बदलली म्हणून दुचाकीचे गिऱ्हाईक बदलत नाही; ते तेच राहते, आणि ती कोठून आली हे त्याला ठाऊक असते. येथील तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका येथील मुलामुलींसाठी काही जागा आणि शिष्यवृत्त्या ठेवणे अशक्य नाही. आपल्या खासदारांनी परराष्ट्र धोरणावरील चर्चेच्या दिवशी सभागृहात बसावे आणि प्रश्न विचारावेत, एवढी अपेक्षा मतदाराने ठेवणे तर मुळीच अवास्तव नाही.

गोव्याच्या सत्याग्रहींना अमेरिकेच्या सैन्याची मदत नको होती. त्यांनी ती कधी मागितलीही नाही. गोळीबाराला गोळीबार म्हणावे आणि वसाहतीला प्रांत म्हणू नये, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती. ती पुरी करणे डलेस यांना जड गेले. ढाका, काठमांडू आणि यांगून येथील लोकांची भारताकडून असलेली अपेक्षाही यापेक्षा फारशी मोठी नाही. ती पुरी करण्यासाठी द्यावी लागणारी किंमत आपण द्यावयाची की नाही, हे ठरविताना आपण एकेकाळी सीमेच्या कोणत्या बाजूला उभे होतो, एवढे तरी महाराष्ट्राने विसरू नये.